परळचे मार्माइट आणि स्टॉकहोमची गोळी

थ्रेड 🧵

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या, तेव्हा शहरातील गरीब गर्भवती, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया, एका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी त्यांच्या आहाराचा कसून अभ्यास केला. उपाय सापडला तो यीस्टच्या एका स्वस्त अर्कात, मार्माइटमध्ये. १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ असे नाव पडले. तेच आजचे फोलेट.

या शोधाची गरज पुढे एका अगदी वेगळ्या आजाराच्या गर्भवतींना भासणार होती.

अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याला सूज व व्रण आणतो, आणि तोही बहुधा ऐन तारुण्यात. त्यावरील पहिले प्रभावी औषध स्टॉकहोमच्या डॉ. नान्ना स्वार्ट्स यांचे. (नाव मराठी कानाला पुरुषी वाटेल, पण स्वीडनच्या सरकारी विद्यापीठातील त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, १९३७.) त्यांना हवे होते संधिवातावरील औषध. सल्फा व सॅलिसिलेट यांना जोडून सल्फासॅलाझिन घडले, आणि गुण आतड्यांना आला! १९४२ मध्ये त्यांनी ते अनुभव प्रसिद्ध केले.

गोळीत एक खोट होती: ती अन्नातील फोलेट नीट शोषू देत नाही. गर्भाच्या मज्जारज्जूच्या घडणीला तर तेच लागते. म्हणून गर्भवतीला ही गोळी बंद न करता जोडीला फॉलिक ॲसिडची वाढीव मात्रा देण्याची रीत पडली.

दरम्यान थॅलिडोमाइड घडले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या या औषधामुळे जगभर दहा हजारांहून अधिक बालके व्यंगासह जन्मली. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अपत्यक्षम वयाच्या स्त्रियांना प्रारंभिक औषधचाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. हेतू रास्त, परिणाम उफराटा: ज्यांना माहितीची सर्वाधिक निकड, त्यांच्याविषयीच माहिती जमेना. ही सूचना १९९३ मध्ये मागे घेतली गेली.

आतड्यांच्या दाहक विकारांपुरती ही पोकळी भरू लागली ती अमेरिकेतील ‘पियानो’ नोंदवहीमुळे. २००७ पासून तिच्यात अशा गर्भवतींच्या नोंदी होत गेल्या. २०२१ मध्ये १,४९० गर्भधारणांचे निष्कर्ष आले. थायोप्युरिन वा बायोलॉजिक औषधे घेणाऱ्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. गर्भपाताचा धोका वाढलेला दिसला तो आजार भडकलेल्या स्त्रियांत. भीतीपोटी औषध सोडणाऱ्या कित्येकींवर नेमके हेच ओढवत असे.

अपवाद मेथोट्रेक्सेटचा. ते शरीरात फोलेटचेच कार्य रोखते आणि गर्भास घातक ठरते. गर्भधारणेच्या काही महिने आधीच ते थांबवावे लागते.