किती खोल आणि किती वाजता? एका गोड्या पाण्यातल्या माशाचा इतिहास

आजच्या विषयात दोन शब्द असे आहेत की घोटाळा होणारच, म्हणून आधी ते मोकळे करून घेऊ. पहिला शब्द ‘ट्रोलिंग’. इंटरनेटवर लोकांना छळतात ते हे ट्रोलिंग नव्हे. आणि आपल्या किनाऱ्यावर मोठं जाळं तळातून खरवडत नेणारा ट्रॉलर असतो, त्याचाही इथे संबंध नाही. चालत्या होडीच्या मागे गळ सोडायचा आणि आमिष पाण्यातून सावकाश ओढत न्यायचं, याला ट्रोलिंग म्हणतात. दुसरा शब्द ‘कोकॅनी’. याचा कोकणाशी काही संबंध नाही. (हशा) हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या तळ्यांतला मासा आहे.

सॉकाय नावाचा सामन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. कोकॅनी त्याचाच भाऊ. फरक इतकाच, की हा समुद्रात जातच नाही. सगळं आयुष्य तळ्यात काढतो. साधारण तीन-चार वर्षांनी, शरद ऋतूत, चंदेरी अंग लालभडक होतं, ओढ्यात किंवा काठाच्या गोट्यांत अंडी घालतो आणि मरतो. त्याचं खाणं म्हणजे प्राणिप्लवक, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पाण्यातले जीव. त्यातही डॅफ्निया नावाची पाणपिसू त्याच्या विशेष आवडीची.

आता गंमत बघा. जो मासा टाचणीच्या डोक्याएवढे जीव खातो, तो गळाला लागावा कसा? म्हणून तिथल्या गरवणाऱ्यांनी एक पद्धत बसवली. होडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालवायची. दोरीवर चकाकणारे धातूचे पत्रे लावायचे, म्हणजे ते पाण्यात झळकत राहतात. त्यांच्या मागे छोटं, भडक रंगाचं आमिष. मासा भुकेपेक्षा चिडून त्यावर झडप घालतो, असं पुष्कळ जण मानतात. तोंड इतकं नाजूक, की जोरात ओढलंत तर गळ फाटून निघतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोली. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, आणि मासा मधल्या गार थरात फिरतो. म्हणून जड शिशाच्या गोळ्याने दोरी नेमक्या थरात उतरवतात. तळ्यावर दोन गरवणारे भेटले, की पहिला प्रश्न हाच: किती खोल, आणि किती वाजता?

हा प्रश्न लक्षात ठेवा. कारण पुढची सगळी गोष्ट हा प्रश्न विचारायला विसरलेल्या माणसांची आहे. आणि ती माणसं अडाणी नव्हती, मत्स्यखात्यातली शिकलेली, भल्या हेतूची माणसं होती.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कूटने नावाचं लांबलचक, खोल तळं आहे. तिथला रेनबो ट्राउट प्रचंड मोठा होतो. त्याच्या पिलांना जास्त खाऊ मिळावा म्हणून १९४९ साली तळ्यात मायसिस नावाचा जीव आणून सोडला. दिसायला आपल्या जवळ्यासारखा, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांब. ट्राउटला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण काही वर्षांनी या तळ्याच्या पश्चिमेकडच्या फाट्यात कोकॅनी एकदम मोठे होऊ लागले. एरवी वीतभर, फार तर दीड वीत असणारा मासा तिथे काही किलोंचा निघू लागला.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. स्वस्तातला उपाय, डोळ्यांसमोर पुरावा. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि स्कँडिनेव्हियातही किती तरी तळ्यांत मायसिस सोडण्यात आला.

मॉन्टाना राज्यातलं फ्लॅटहेड हे त्या भागातलं फार मोठं तळं. सुमारे पाचशे चौरस किलोमीटर पसरलेलं. तिथे कोकॅनी १९१६ साली माणसानेच आणला होता, आणि तो इतका रुजला की उन्हाळ्यात ट्रोलिंगच्या होड्यांनी तळं भरून जायचं. १९८५ पर्यंत वर्षाला लाखभर मासे गळाला लागत. शरद ऋतूत हे मासे वर ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅकडोनाल्ड ओढ्यात अंडी घालायला जात, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या डोक्याचे गरुड येत. १९८१ साली तिथे सहाशेहून जास्त गरुड मोजले गेले. ते पाहायला हजारो माणसं येत.

फ्लॅटहेडमध्ये मायसिस कोणी सोडला नव्हता. १९६८ ते १९७६ या काळात तो वरच्या अंगाच्या काही तळ्यांत सोडला होता. पण पाणी उतारानेच वाहणार ना! १९८१ साली तो फ्लॅटहेडमध्ये सापडला आणि पाच वर्षांत बेसुमार वाढला.

मग काय झालं? १९८५ साली ओढ्यात लाखाच्या वर कोकॅनी आले होते. १९८७ साली आले सुमारे तीनशे. १९८९ साली पन्नासच्या आसपास. गरुडांची संख्या पंचविसावर आली. पाहुणे यायचे थांबले. होड्या किनाऱ्याला लागल्या.

ज्याला खाऊ म्हणून आणलं, त्यानेच मासा संपवला, हे कसं? उत्तर त्या जुन्या प्रश्नात आहे: किती खोल, किती वाजता. मायसिसला उजेड नको असतो. दिवसा तो खोल तळाशी, अंधारात बसतो. रात्री वर येतो आणि डॅफ्निया खातो. कोकॅनी डोळ्यांनी शिकार करतो, म्हणजे दिवसाउजेडी, वरच्या-मधल्या थरात. दोघांची गाठच पडत नाही. मासा उठून बघतो तर रात्रीतून त्याचं ताट कोणी तरी चाटून-पुसून नेलेलं!

मग कूटनेमध्ये यश कसं मिळालं? तिथला पश्चिम फाटा उथळ आहे. तळ्याचं पाणी त्या बाजूने बाहेर वाहताना उथळ उंबऱ्यावरून जातं, आणि प्रवाहाबरोबर खोलातला मायसिस फरफटत वर येतो, उजेडात, थेट कोकॅनीच्या तोंडासमोर. ते यश मायसिसचं नव्हतं, त्या जागेच्या आकाराचं होतं. लोकांनी जीव उचलून नेला, जागा काही नेता आली नाही.

फ्लॅटहेडमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिथे १९०५ पासून लेक ट्राउट हा बाहेरून आणलेला शिकारी मासा होता, पण बेताने. त्याची पिल्लं तळाशी राहतात. त्यांना मायसिसची मेजवानीच मिळाली. ती वाढली आणि उरलेसुरले कोकॅनी खाऊ लागली. १९९३ ते १९९७ अशी पाच वर्षं कोकॅनीची पिल्लं पुन्हा सोडून पाहिली. लेक ट्राउटने ती टिकू दिली नाहीत. मूळचा बुल ट्राउटही या रेट्यात मागे पडला. तळ्याचा दक्षिण भाग सेलिश आणि कूटनाई आदिवासींच्या राखीव प्रदेशात येतो. त्यांच्यासाठी खरं दुःख या मूळ माशाचं आहे. कोकॅनी गेल्याची हळहळ पाहुण्याची, बुल ट्राउट गेल्याची घरच्याची.

याच पाण्याच्या वाटेवर, खाली आयडाहोमध्ये पाँड ओरे नावाचं तळं आहे. तीनशे पन्नास मीटरहून खोल. १९३०च्या दशकात फ्लॅटहेडमधले कोकॅनी वाहत तिथे पोहोचले. पुढे तिथेही मायसिस सोडला. धरणांमुळे पाण्याची पातळी वरखाली होऊ लागली आणि लेक ट्राउट वाढला. २००० साली कोकॅनीची मासेमारी बंद करावी लागली. मात्र तिथे लोक हरले नाहीत. २००६ पासून लेक ट्राउट पकडून देणाऱ्याला दर माशामागे रोख पैसे मिळू लागले, जाळी टाकणारे व्यावसायिक कोळी आणले. २०१२च्या सुमारास मायसिसही घटला, तो नशिबाचा भाग. २०१३ साली कोकॅनीवर गळ टाकायला पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे सावरता येतं. पण एक संध्याकाळ आणि काही डबे पुरले होते ती चूक करायला. ती निस्तरायला वर्षानुवर्षं जाळी ओढावी लागतात.

मंडळी, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यातून एकच सांगायचं आहे. दुसरीकडचं यश पाहिलं, की आपण विचारतो, ‘त्यांनी काय केलं?’ त्याच्या आधी विचारायला हवं, ‘ते तिथेच का जमलं?’ होडीत बसलेला साधा गरवणारा हे रोज विचारत होता. त्याचा प्रश्न कोणी कागदावर घेतला नाही, एवढंच.