शीतकपाट आणि तेहतीस पानांचे पत्र

रूपक हा आम्हा साहित्याच्या अभ्यासकांचा जिव्हाळ्याचा विषय. रूपकामुळे आशय गडद होतो, असे आपण वर्गात शिकवतो आणि ते खरेही आहे. परंतु एखादे रूपक पुस्तकातून उठून दवाखान्यात जाऊन बसते आणि तेथे निदानाची जागा घेते, तेव्हा काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी उभ्या राहिलेल्या सेवांचा इतिहास वाचताना अशा एका रूपकाची गाठ पडते. त्या सेवांपैकी बऱ्याच सेवा त्या रूपकाला दिलेल्या उत्तरातून जन्मल्या, असे आम्हांला वाटते.

या इतिहासाच्या आरंभी एक पत्र आहे. 1938 साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील एका वकील पित्याने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी 33 पानांचे टंकलिखित पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवले. 1943 साली कॅनर यांनी 11 मुलांवरील (8 मुलगे, 3 मुली) आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा पहिल्या मुलाच्या हकिगतीचा मोठा आधार हे पत्रच होते. ‘ऑटिझम’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात आधीच रूढ केला होता. कॅनर यांनी तो उचलला आणि त्याला नवा अर्थ दिला.

या निबंधात एक विसंगती आहे. मुलांची ही स्थिती जन्मजात आहे, असा निष्कर्ष कॅनर काढतात. त्याच वेळी या मुलांचे आईवडील फारसे मायाळू नाहीत, असेही नोंदवून ठेवतात. इतकेच नव्हे, तर त्या पित्याच्या पत्रातील बारीकसारीक तपशिलांमध्ये त्यांना एक प्रकारचा पछाडलेपणा दिसला. मुलाविषयी काहीही निसटू नये म्हणून बापाने जे लिहिले, तेच बापाविरुद्धची साक्ष ठरले. 1949 साली कॅनर यांनी अशा पालकांच्या घरांसाठी शीतकपाटाची प्रतिमा वापरली, आणि पुढे ‘शीतकपाट-माता’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. बापाचे नाव हळूहळू गळाले, आईचे उरले.

कॅनर यांच्यापर्यंत कोण पोहोचत होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. दूरच्या तज्ज्ञाकडे मुलाला नेण्याची ऐपत असलेली, इतकी लांब टिपणे लिहू शकणारी सुशिक्षित, सुस्थित कुटुंबेच तेथे येत. त्यावरून ‘हा शिकलेल्या, थंड घरांचा आजार’ असा समज झाला. 1979 साली लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात आलेल्यांवर विसंबून न राहता त्यांनी एका वस्तीतील मुले पाहिली. आणि वर्गाशी जोडलेले नाते हे निवडीतून आलेले असावे, हे विंग यांनी पुढच्याच वर्षी मांडले.

दरम्यान रूपकाने आपले काम केले होते. शिकागो येथील निवासी शाळेचे प्रमुख ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात स्वमग्न मुलाची तुलना छळछावणीतील कैद्याशी केली. ते स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथे बंदिवान होते, त्यामुळे या तुलनेला अनुभवाचे वजन लाभले. पण मूल कैदी असेल, तर पहारेकरी कोण? उत्तर उघड होते. सेवेचे स्वरूपही त्याच तर्काने ठरले: रोगाचे मूळ आई असेल, तर उपचार म्हणजे ताटातूट. आधीच पोळलेल्या आईला मुलापासून दूर करणे हीच तिला दिलेली ‘मदत’ ठरली.

याला उत्तर दिले ते प्रामुख्याने पालकांनी. अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. 1964 साली त्यांनी पुस्तक लिहून या स्थितीचे मूळ जैविक असल्याचे मांडले. त्याला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. लंडनमध्ये 1962 सालीच पालकांनी अशी संस्था काढली होती. स्वतः आई असलेल्या लॉर्ना विंग तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने 1965 साली ईलिंग येथे शाळा काढली, ती सिबिल एल्गर यांच्या हाती सोपवली, आणि 1974 साली सॉमरसेटमध्ये प्रौढांसाठी निवासही सुरू केला. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी तर शिकागोचा तर्कच उलटा केला. पालक हे रोगाचे कारण नसून उपचारातले सहकारी आहेत, हे त्यांनी कार्यक्रमाचे सूत्रच बनवले आणि 1972 साली त्या राज्याने तो कार्यक्रम राज्यभर स्वीकारला. त्याआधी 1969 साली पालकांच्या सभेत वृद्ध कॅनर यांनी आईवडिलांना दोषमुक्त केल्याचे जाहीर केले होते. मधल्या वीस वर्षांची भरपाई त्या घोषणेने कशी व्हावी?

आपल्याकडेही पाऊल टाकले ते पालकांनीच. 1991 साली दिल्लीत मेरी बरुआ या आईच्या पुढाकाराने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी राहिली. 1995 सालच्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझमचे नाव नव्हते. ते आले 1999 सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि 2016 सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील 21 प्रकारांत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने अठरा वर्षांपुढील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद केली. तो अर्ज जिल्हाधिकारी सदस्य असलेल्या स्थानिक समितीपुढे जातो. कायद्याच्या रुक्ष भाषेत लपलेला हा प्रश्न प्रत्येक घर रात्री स्वतःला विचारते: आमच्या पश्चात याचे काय?

मात्र ही कथा केवळ पालकांच्या विजयाची म्हणून वाचली, तर आपण आणखी एक आवाज गमावू. 1993 साली जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून एक निबंध लिहिला. आमच्यासाठी शोक करू नका, हा त्याचा आशय. तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आले नाही, याचे दुःख तुमचे आहे. जे आले, त्याला तुमची गरज आहे. ज्यांच्याविषयी अर्धशतक इतरांनीच लिहिले, ते येथे स्वतः लिहू लागले. सेवा कोणासाठी आणि कोणाच्या शब्दांत, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही.

आणि आपला मराठी शब्द? ‘स्वमग्न’. कवीला शोभणारे हे विशेषण आपण मुलाला दिले. शब्द सुंदर आहे, शीतकपाटापेक्षा कितीतरी मवाळ. पण तोही एक रूपकच आहे. मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला बाहेरचे कोणी नकोच, असे तो सुचवतो. मुलाला माणसे हवी असतील, फक्त वाट वेगळी असेल, ही शक्यता त्या शब्दात मावत नाही. शब्द बदलावा, असा आमचा आग्रह नाही. तो वापरताना सावध असावे, इतकेच.

त्या 33 पानांकडे पुन्हा वळू. एकाच मजकुराची दोन वाचने झाली: एकात पछाडलेपणा दिसला, दुसऱ्यात एका बापाची धडपड दिसू शकली असती. आपण वाचन शिकवतो. चुकीच्या वाचनाची किंमत कोणी मोजली, हे या इतिहासाने आपल्यापुढे मांडून ठेवले आहे.