पाळण्यातले नाव आणि कपाटातले पुस्तक

आपल्या भागातील एखाद्या जुन्या शाळेचा हजेरीपट उघडला, की त्यात प्रथम एक दैवतमंडळ भेटते. यल्लाप्पा, कल्लाप्पा, मल्लाप्पा, भरमाण्णा, परशराम, जोतिबा, मारुती. मुलींत यल्लूबाई, गंगव्वा, लक्ष्मी, पार्वती. घरात बोली मराठी, नावाच्या शेवटी 'अप्पा' मात्र कन्नड, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. सौंदत्तीची यल्लम्मा काय किंवा वाडी रत्नागिरीचा जोतिबा काय, नवसाला पावताना त्यांनी कधी भक्ताची मातृभाषा विचारली नाही. या ओळीतून बोट खाली नेता नेता मध्येच एखादी रत्नप्रभा लागते, एखादी उल्का, एखादी कादंबरी, क्वचित एखादा वीरधवल. ही नावे कोणत्या देवळातून आलेली नाहीत. ती पुस्तकांच्या कपाटातून आली, आणि वाचनालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात त्यांची नोंद व्हावी असे मला वाटते. वाचनालयाच्या अहवालांत सभासदांची संख्या सापडते, ग्रंथांची सापडते, देवघेवीची सापडते. पुस्तक परत आले, पण त्यातले नाव त्या घरातच राहिले, अशी नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

नाव ठेवणे ही आपल्याकडे तशी स्वातंत्र्याची बाब नव्हती. बाराव्या दिवशी पाळण्याखालून-पाळण्यावरून बाळ फिरवायचे, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचे. पण ते नाव आधीच ठरलेले असे. आजा वारला असेल तर नातवाला त्याचे, नाही तर कुलदैवताचे, नाही तर अवकहडा चक्रातून निघालेल्या अक्षरावरचे. स्त्रीच्या बाबतीत तर एवढ्यावरही भागत नसे. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीने नवे नाव कोरले, की माहेरचे नाव माहेरीच राहिले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना, आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. गंमत अशी, की १८५७ साली मराठीत जी पहिली कादंबरी म्हणून गणली जाते ती प्रसिद्ध झाली, तिच्या नायिकेचे नावही यमुनाच होते. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावात जन्मले. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड' १८७१ साली लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे खानापूर तालुक्यातील जांबोटीचे. म्हणजे मराठी कादंबरीच्या दोन्ही वाटा या मातीतून निघाल्या, असे आपण थोड्या अभिमानाने म्हणू शकतो.

परंतु पाळण्यापर्यंत पोहोचली ती या दोहोंहून निराळी, तिसरी वाट. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, 'रत्नप्रभा' १८६६ साली. पाठोपाठ नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, गुप्त भुयारे, अघोर संकटे आणि शेवटी सर्व गोड, अशी ही अद्भुतरम्य सृष्टी. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांवर निबंध लिहून या प्रकाराचा चांगलाच समाचार घेतला, आणि आम्ही प्राध्यापक मंडळी आजही वर्गात त्यांचीच री ओढतो. समीक्षकांच्या दृष्टीने या कादंबऱ्या केव्हाच निकालात निघाल्या. वाचणाऱ्या बायकांनी मात्र त्या निकालाची वाट पाहिली नाही. यमुनेचे दुःख खरे होते, म्हणून ते वाचून डोळे पुसले गेले. पण मुलीला नाव द्यायचे तर ते जिच्या वाट्याला शेवटी सुख आले तिचे. मुक्तामाला आणि मंजुघोषा ही नावे हाक मारायला जड पडली असावीत, ती मागे पडली. रत्नप्रभा टिकली. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांतही ती आढळते, याचे मला नेहमी कौतुक वाटते, कारण जैन भूगोलात रत्नप्रभा हे अधोलोकातील पहिल्या भूमीचे नाव आहे. शास्त्र पोथीत राहिले आणि नाव मुलीला मिळाले.

नाथमाधवांच्या 'वीरधवल'चीही हीच गोष्ट. सिंहगडावरून पडून ज्यांचे पाय कायमचे गेले त्या द्वारकानाथ माधव पितळे यांनी अंथरुणावरून घोडदौडी, द्वंद्वयुद्धे आणि अद्भुत प्रवास लिहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पिढ्यान्‌पिढ्यांनी हे पुस्तक पाने सुटेपर्यंत वाचले. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे पोहला, तेव्हा इतर प्रांतांतील लोकांना त्याचे नाव नवे वाटले असेल. आपल्याकडच्या वृद्ध वाचकांना ते बालपणीच्या मित्राचे वाटले.

रंगभूमीचा वाटाही विसरून चालणार नाही. सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. बेळगावात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली 'शारदा' दिली. शकुंतला, सुभद्रा, शारदा ही नावे जुनीच, पण गाण्यांच्या सुरांबरोबर ती घरात शिरली ती नव्याने.

पुढे १९५६ आले. १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. याच तालुक्यात ताम्रपर्णीच्या काठी कोवाड आहे, रणजित देसाईंचे गाव. एका रेघेने लेखक पलीकडे आणि त्याचे कितीतरी वाचक अलीकडे झाले. पुस्तके मात्र येत राहिली. १९६७ साली आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आले, १९७३ साली देसायांचे 'राधेय'. कर्णाला मुलाचे नाव म्हणून स्वीकारण्याचे धाडस मराठी माणसाने या दोन पुस्तकांनंतर केले, असे माझे मत आहे. त्याआधी ते नाव शापाचे होते. आणि वृषाली? व्यासांच्या महाभारतात कर्णाच्या पत्नीचे हे नाव सापडत नाही. पण 'मृत्युंजय'मध्ये ती स्वतः बोलते, आणि माझ्या वर्गांत वर्षानुवर्षे दोन-दोन वृषाली बसत आल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींना आपले नाव पुराणातले वाटत असे. मी कधी तो समज मोडला नाही.

येथे एक विचार सुचतो. ज्या पुस्तकांत आपण स्वतः आहोत त्यांतून आपण नावे घेत नाही. महादेव मोरे यांनी निपाणीचा मोटार-स्टँड, ड्रायव्हर-क्लीनर आणि तंबाखूच्या वखारीतल्या बाया मराठीत आणल्या; त्यांच्या पात्रांवरून कोणी बारसे केलेले माझ्या ऐकिवात नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर बेळगावच्या वाचकाला आपल्याच गल्लीतला वाटतो, त्याची बोली ही आपलीच बोली. पण शाळेच्या दाखल्यावर 'लंपन' लिहून देणारा बाप अजून भेटायचा आहे. आरशातला माणूस आवडतो, पण नाव हवे ते दूरच्या राजवाड्यातले.

आता या सर्वांत मला सर्वांत प्रिय असलेल्या नावाकडे येतो. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने एक अद्भुत कथा लिहायला घेतली. त्यात पोपट राजसभेत गोष्ट सांगतो, प्रियकर मरतात आणि पुनर्जन्म घेतात, अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता तपश्चर्या करीत वाट पाहते, आणि गंधर्वराजाची कन्या कादंबरी चंद्रापीडाचे निष्प्राण शरीर जपून बसते. बाण कथा अर्धी टाकून गेला, ती त्याच्या मुलाने पुरी केली. पहिल्या नागवर्म्याने तिला कन्नडात उतरवले. पुढे इंग्रजी 'नॉव्हेल' या देशात आले, तेव्हा बंगाल्यांनी आणि हिंदीवाल्यांनी त्याला उपन्यास म्हटले, गुजरात्यांनी नवलकथा. मराठीने आणि कन्नडने, दोघींनी, या गंधर्वकन्येचे नाव त्याला दिले. मुलीला पुस्तकातले नाव ठेवणे आपण पाहिले. येथे पुस्तकांच्या सबंध जातीचेच बारसे एका मुलीवरून झाले. ठाकुरांच्या घरात सून म्हणून आलेल्या मातंगिनीला कादंबरी हे नाव मिळाले, ती रवींद्रनाथांची वहिनी. तिकडे ते केवळ स्त्रीचे नाव; आपल्याकडे स्त्रीचे आणि ग्रंथाचे दोन्ही. सुधा मूर्ती यांनी कन्नडात 'महाश्वेता' लिहिली आणि बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली, तेव्हा बाणाची दुसरी नायिकाही सीमा ओलांडून आली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या गळगनाथांनी कन्नडात नेल्या त्याच पुलावरून ही परतीची वाट. सीमेच्या वादात भाषा एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात, पण ग्रंथपालाला विचारा, कादंबऱ्यांचे कपाट दोन्हींकडे एकाच नावाने ओळखले जाते. फरक एका वेलांटीचा: आपली दीर्घ, त्यांची र्‍हस्व.

हल्ली इंग्लंड-अमेरिकेत दूरदर्शनवरील कल्पित राजवंशांतून मुलींना 'आर्या' नाव ठेवतात असे ऐकतो. आपल्याकडच्या आर्या मोरोपंतांच्या घरच्या, निदान मी तसे मानून चालतो. २०१५ च्या चित्रपटानंतर 'बाहुबली' सर्वतोमुखी झाला, तेव्हा चिकोडीकडच्या एका वृद्ध बाहुबली अण्णांना नातवाने, "आजोबा, तुमचं नाव पिक्चरमधनं घेतलंय काय?" असे विचारले. आदिनाथांच्या पुत्राचे नाव त्या घरात किती पिढ्या चालत आले होते, हे त्यांना बसून समजावून सांगावे लागले.

शेवटी घरचा एक प्रसंग. माझ्या थोरल्या बहिणीच्या बारशाच्या आधी आत्याने वाचनालयातून खांडेकरांची 'उल्का' आणली होती. १९३४ सालचे ते पुस्तक तोवर जुने झाले होते, पण आत्या ते तिसऱ्यांदा वाचीत होती. पाळण्यापाशी तिने तेच नाव कानात सांगितले. आजीने हातातला नारळ खाली ठेवला. "पडणाऱ्या ताऱ्याचं नाव लेकराला ठेवतात काय गं?" आत्याने उत्तर दिले नाही, पण नाव एकदा कानात पडले होते आणि ते परत घेण्याची आपल्याकडे रीत नाही. मधला मार्ग म्हणून पत्रिकेत देवीचे नाव आले. आजी आमरण तिला त्याच नावाने हाक मारी.

शाळेत घालताना दुसरीच अडचण उभी राहिली. नाव कन्नड लिपीत नोंदायचे होते. गुरुजी साहित्याचे भोक्ते होते. संस्कृत आकारान्त शब्द कन्नडात एकारान्त होतो, माला म्हणजे माले, कथा म्हणजे कथे, हा नियम त्यांनी निष्ठेने लावला आणि 'उल्के' असे लिहिले. वडील चिडले, अर्ज केला, तो कुठे तरी पडून राहिला. आत्या मात्र हसली. मराठीत आकारान्त स्त्रीनामाचे संबोधन एकारान्तच होते. "अरे, त्यांनी नाव बदललं नाही, हाक मारून ठेवलीय," ती म्हणाली.

दहावीच्या प्रमाणपत्रावर, शिधापत्रिकेवर, बँकेच्या पुस्तकावर ताई आजही 'उल्के' आहे. आम्हाला पत्र लिहिते तेव्हा खाली सही करते, 'उल्का'.