शिबिराच्या हिशेबात गाव कुठं आहे?

डिसेंबर-जानेवारी आला की बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत राष्ट्रीय सेवा योजनेचे फलक लागतात. पन्नासेक पोरं-पोरी सात दिवस जिल्हा परिषद शाळेत नाहीतर समाजमंदिरात मुक्कामी. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री कार्यक्रम. पण हे सगळं चालतं कोणाच्या पैशावर?

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा आपला जिल्हा नागपूर विद्यापीठात होता. अमरावती विद्यापीठ झालं १९८३ मध्ये. खर्चाचे बारा वाटे धरले तर सात केंद्राचे, पाच राज्याचे, अशी पद्धत बरीच वर्षं चालली. २०१६ पासून सगळा भार केंद्राकडे गेला. मधल्या काळात दहा दिवसांचं शिबिर सात दिवसांवर आलं.

आता आकडे बघा. कित्येक वर्षं शिबिरासाठी एका स्वयंसेवकामागे ४५० रुपये मिळायचे. सातानं भागा, दिवसाला ६४ रुपये. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, येणंजाणं, टिकाव-फावडी, सगळं आलं. पुढं दर ७०० झाला, म्हणजे दिवसाला १००. पन्नास जणांचे ३५ हजार.

एवढ्यात भागत नाही, हे शिबिर घेतलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. अनुदान हातात येईपर्यंत किराणा उधारीवर चालतो, कधी स्वतःच्या खिशातून जातो. तरी शिबिर पार पडतं, कारण गाव हात देतं. कुणी ज्वारीचं पोतं टाकतं, कुणी तुरीची डाळ. कुणी टँकर पाठवतं. बाया भाकरी थापून देतात. यातलं काहीच हिशेबाच्या वहीत चढत नाही. सरकारी कागदावर शिबिराचा खर्च ७०० रुपये माणशी, आणि गावाचं देणं शून्य!

नुसता मानापमानाचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण जेवू घालायची ऐपत असलेल्या गावातच शिबिर घेणं सोपं जातं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांना बांधबंदिस्ती जास्त हवी, पण पन्नास पोरांची पंगत त्यांनी कशी उठवायची?

म्हणून एक साधी सूचना. समारोपाच्या दिवशी पाहुण्यांच्या सत्काराआधी गावाचं देणं फळ्यावर लिहा. किती किलो धान्य, किती टँकर, किती भाकरी. तोच हिशेब विद्यापीठाकडे पाठवा. खरा खर्च कागदावर आला, तरच गरीब गावासाठी जास्तीचं अनुदान मागता येईल.

तुमच्या गावात शिबिर झालं असेल तर गावानं काय दिलं, ते खाली लिहा.