सीलबंद पाकिटातली मोडतोड

परवा माझ्या संग्रहातले एक जुने पाकीट उघडले. ‘गॅमा किरणांनी निर्जंतुक’ असे त्यावर छापलेले होते आणि सील शाबूत होते. आतली पॉलिप्रॉपिलीनची सिरिंज हातात घेतली, तर नुसत्या बोटाच्या दाबाने दट्ट्याची कड कडकन मोडली. जी कधी कोणाला टोचलीच नाही, ती मोडली कशी? या प्रश्नाचा माग काढताना एका दुर्लक्षित इतिहासापाशी पोचलो.

माझ्या लहानपणी दवाखान्यात काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळत असत. पुढे एकदाच वापरायची प्लास्टिकची साधने आली. पण त्यांतल्या बऱ्याच प्लास्टिकना उष्णता सोसत नाही. म्हणून किरणांचा मार्ग पुढे आला. १९५६ साली अमेरिकेत ‘एथिकॉन’ कंपनीने टाके घालायचा दोरा इलेक्ट्रॉनच्या झोताने निर्जंतुक करायला सुरुवात केली. १९६० साली ऑस्ट्रेलियात डँडेनाँगला गॅमा किरणांचे संयंत्र उभे राहिले, ते मात्र गालिच्यांसाठी आणलेल्या बकरीच्या केसांतून काळपुळी पसरू नये म्हणून! आपल्याकडे तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘आयसोमेड’ १९७४ मध्ये सुरू झाले. कोबाल्ट-६०चे किरण बंद खोक्यातून आरपार जातात आणि वस्तू किरणोत्सारी होत नाही. २५ किलोग्रे ही मात्रा बऱ्याच ठिकाणी रूढ झाली.

पण जंतूंचा डीएनए तोडणारा किरण प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांनाही सोडत नाही. तिथे मुक्तमूलक तयार होतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठतो आणि साखळ्या तुटत जातात. पॉलिप्रॉपिलीनची गोष्ट आणखी वाईट. त्याच्या स्फटिकमय भागात काही मूलक अडकून पडतात आणि पुढे कित्येक महिने सावकाश बाहेर येत राहतात. कारखान्यातून धडधाकट निघालेली सिरिंज कपाटात पडल्या पडल्या ठिसूळ होते, ती अशी.

पहिला उपाय होता ऑक्सिडीकरण रोखणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये मिसळण्याचा. त्यांनी ठिसूळपणा लांबला, पण किरण लागताच प्लास्टिक पिवळे पडू लागले. आणि पिवळी सिरिंज रुग्णाला जुनी, मळकी वाटते. १९७८ सालच्या एका अमेरिकी पेटंटात जोएल विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी प्लास्टिकमध्ये थोडे तेलासारखे हायड्रोकार्बन मिसळले. त्यामुळे साखळ्यांमधली जागा सैल होते, मूलकांना हालचाल करता येते, ते एकमेकांना भेटतात आणि तिथेच संपतात. पुढे पिवळेपणा न आणणारी अमाइनवर्गीय द्रव्येही वापरात आली.

मला या इतिहासात मोलाची वाटते ती एक गोष्ट. किरणांचा मारा काही तासांत संपतो, नुकसान मात्र नंतरही चालू राहते. त्यामुळे संयंत्रातून बाहेर पडलेल्या मालाची त्याच दिवशीची तपासणी पुरेशी नसते. तो महिनोन् महिने ठेवून पुन्हा वाकवून, दाबून पाहावा लागतो. पाकिटावरची मुदत आपण फक्त निर्जंतुकपणाची समजतो. ती आतल्या प्लास्टिकच्या आयुष्याचीही असते. मोडलेली ती कड मी पुन्हा पाकिटातच ठेवली आहे, मुदतीचा आकडा वर येईल अशी.