गिरणीचा अँमीटर आणि गच्चीवरचं ऊन

परळच्या गिरण्या आधी वाफेवर चालत. एकच मोठं इंजिन, त्याच्या चाकावरून दोरखंड वर जाणार, मजल्यामजल्यावरचे शाफ्ट फिरवणार आणि शाफ्टवरून पट्टे यंत्रांवर उतरणार. काही बिनसलं तर डोळ्यांना दिसे, कानाला कळे. 1915 साली टाटांच्या खोपोली केंद्रातली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि बिघाड तारेत जाऊन बसला. तो काट्यावर वाचायची विद्या गिरणगावात तेव्हापासून रुजली.

मी भोईवाड्यातला. 1982च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत वायरमन होतो. पाळीवर आलं की मोटारींचे अँपिअर वहीत उतरवायचे. आमचे मिस्त्री म्हणत, ‘‘एकीचा आकडा बघून काय कळणार? शेजारणीचा बघ!’’ रिंग खात्यात एकाच मापाच्या मोटारी एकसारखं काम करत. त्यांतली एकच जास्त करंट ओढायला लागली की बेअरिंग तपासायचं. एकीचाच आकडा पडला तर पट्टा बघायचा. तीन फेजांचंही तेच. एक फ्यूज उडाला तरी चालती मोटर लगेच थांबत नाही. तेवढंच ओझं ती दोन फेजांवर ओढते, करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो आणि वाइंडिंग जळतं. एक काटा शून्यावर, दोन वर चढलेले दिसले की आधी स्वीच पाडायचा, मग विचार करायचा.

गिरण्या गेल्या, टॉवर आले. आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. पॅनेल एकापुढे एक जोडले की त्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. तिच्यातून एकच करंट वाहतो. सारख्या पॅनेलांच्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या माळांचा करंट भर दुपारी जवळपास सारखाच हवा. एकीचा दुपारी ठराविक वेळेलाच पडतो, तर पाण्याच्या टाकीची सावली. दिवसभर थोडा कमी, तर कबुतरांची कृपा. एकदम शून्य, तर फ्यूज गेला किंवा कनेक्टर सुटला. पॅनेलमध्ये सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट नेणारा बायपास डायोड असतो. तो शॉर्ट झाला तर मात्र करंट फारसा हलत नाही, व्होल्टेज पडतं. म्हणून दोन्ही आकडे बघावे लागतात. आणि तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा आमचा जुना टाँग टेस्टर इथे कामाचा नाही. तो एसीवरच चालतो, आणि पॅनेलांची वीज डीसी. डीसी तारेला लावला तर शून्य दाखवतो, आणि त्या शून्यावर विसंबून कनेक्टर ओढला तर ठिणगी विझता विझत नाही.

धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 साली सुरू झाला. तेवढ्या पसाऱ्यात वही घेऊन कोण फिरणार? अशा ठिकाणी माळांच्या जोडपेट्यांत सेन्सर बसवतात आणि शेजारणीशी तुलना संगणक करतो. मिस्त्रींचा नियम तोच.

कमिटीतली मुलं मला मोबाइलवर दिवसाची एकूण युनिटं दाखवतात. ‘‘काका, वीज येतेय ना, मग झालं!’’ एकूण आकड्यात एक आजारी माळ सहज लपते. पावसाळी ढगांवर खापर फुटतं आणि नुकसान बिलातून गुपचूप वळतं होतं. मी त्यांना एवढंच सांगतो: स्वच्छ उन्हाच्या दिवशी बाराच्या सुमारास प्रत्येक माळेचा करंट वेगळा लिहा, आणि गेल्या महिन्याचं पान उघडं ठेवून लिहा.