वृक्षांची प्रव्रज्या : थायलंडमधील अरण्य, संघ आणि राजसत्ता

उपसंपदेच्या वेळी उमेदवारास जे प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘तू मनुष्य आहेस काय?’ हा एक असतो. महावग्गात त्यामागील कथा आली आहे. एका नागाने तरुणाचे रूप घेऊन उपसंपदा मिळविली, परंतु झोपेत त्याचे मूळ रूप प्रकट झाले. तेव्हापासून मनुष्येतरांस संघात प्रवेश नाही. त्या नागाची स्मृती म्हणून थायलंडमध्ये आजही दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यास ‘नाक’ म्हणजे नाग असेच संबोधतात. अशा देशात 1988 च्या सुमारास काही भिक्खूंनी वृक्षांस काषायवस्त्र गुंडाळून ‘वृक्षदीक्षा’ सुरू केली, हे पालीच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. आम्हांसही तसेच वाटले होते.

या प्रथेचा आरंभ फयाव प्रांतातील फ्राखरू मानस नतीफितक यांच्याकडे दिला जातो. त्यामागची परिस्थिती भीषण होती. 1961 साली थायलंडच्या निम्म्याहून अधिक भूमीवर अरण्य होते. 1980 च्या दशकाअखेर ते तीस टक्क्यांच्याही खाली आले. नोव्हेंबर 1988 मध्ये नाखोन सी थम्मरात प्रांतात उघड्या डोंगरउतारांवरून चिखल व ओंडके गावांवर कोसळून शेकडो लोक मृत्युमुखी पडले. जानेवारी 1989 मध्ये शासनाने व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली. बेकायदेशीर तोड मात्र थांबली नाही.

विनयाच्या दृष्टीने वृक्षास उपसंपदा नाही, हे उघड आहे. तसा दावा त्या भिक्खूंनीही केला नाही. परंतु याच विनयात भूतगाम शिक्षापदही आहे. आळवी येथे एका भिक्खूने वृक्षदेवतेची विनवणी न जुमानता कुऱ्हाड चालविली आणि तिच्या बालकाच्या हातावर घाव बसला. त्यानंतर वनस्पती तोडणे भिक्खूंस पाचित्तिय ठरले. आमच्या मते वृक्षदीक्षेचा खरा आधार येथे आहे. नान प्रांतातील फ्राखरू फितक नंथखुन यांनी दीक्षित वृक्षावर लावलेल्या फलकाचा आशय, अरण्याचा नाश म्हणजे ‘चात’चा नाश, असा होता. ‘चात’ म्हणजे आपली पाली ‘जाति’. थाई भाषेत तिचे जन्म, जीवन आणि राष्ट्र असे तिन्ही अर्थ होतात. राष्ट्ररक्षणाची भाषा बोलणाऱ्या सेनाधिकाऱ्यांस हा श्लेष कळला नसेल असे नाही.

राजसत्तेशी संघाचे नाते मात्र जुने आहे. 1902 च्या कायद्याने राजा चुलालोंगकोर्न यांनी विखुरलेले विहार एका अधिकारश्रेणीत आणले. 1962 मध्ये सरित थनरत यांच्या राजवटीने 1941 च्या कायद्यातील लोकसत्ताक रचना मोडून सर्व सत्ता महाथेर समागमाच्या हाती एकवटली. विकासास बाधक म्हणून संतुट्ठीचा उपदेश टाळण्याची सूचनाही त्याच काळातली. (पाली शिकवणाऱ्यास हे वाचून हसावे की रडावे, ते कळत नाही.) 2018 च्या दुरुस्तीनंतर समागमाच्या सदस्यांची नियुक्तीही राजाच्या अधिकारात गेली.

अशा चौकटीबाहेर उभ्या राहिलेल्या भिक्खूस त्याची किंमत मोजावी लागते. बुरीराम प्रांतातील डोंग याई अरण्यात निलगिरीच्या लागवडीस विरोध करणारे फ्रा प्रचक खुत्तचित्तो यांस 1991 मध्ये अटक झाली. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या लष्करी शासनाची ईशान्येकडील वनवासी शेतकऱ्यांस हलविण्याची योजना विरोधामुळे 1992 मध्ये गुंडाळली गेली. परंतु प्रचक 1994 मध्ये चीवर सोडून गृहस्थ झाले.

या चळवळीत सर्वच निर्मळ होते, असेही नाही. चियांग माईच्या मे सोई खोऱ्यात फ्रा फोंगसक तेचधम्मो यांनी पाणलोटाच्या रक्षणार्थ डोंगरावरील ह्मोंग वस्त्या हलविण्याचा आग्रह धरला. खालच्या शेतकऱ्यांस पाणी हवे होते हे खरे. पण त्यासाठी कुंपणाबाहेर कोणास जावे लागले, हा प्रश्न करुणेची भाषा बोलणाऱ्यांनी टाळला.

जून 2005 मध्ये त्याच प्रांतातील फांग येथे फ्रा सुफोत सुवचो यांची शस्त्राचे वार करून हत्या झाली. ज्या अरण्यभूमीतील ध्यानस्थान ते व त्यांचे सहकारी सांभाळत होते, तिच्या भोवती संत्र्यांच्या बागा वाढत होत्या.